शेळीचं लगीन

तिसरीतली एक मुलगी माझ्या लायब्ररीत येत नाही. शाळेत रोज येते. लायब्ररीचा तास लागला की तिच्या वर्गातली बाकीची पोरं जिना चढून धावत येतात, दारात बूट भिरकावतात आणि टेबलाकडे पळतात. ती खाली वर्गात बाकावर डोकं ठेवून बसते. पोट दुखतं म्हणते. गणपतीची सुट्टी झाल्यापासून तिचं पोट नेमकं माझ्याच तासाला दुखतं. ती या खोलीत परत पाऊल ठेवेल की नाही, मला माहीत नाही. तिचं येणं का थांबलं ते मात्र पक्कं माहीत आहे. ते सांगायचं तर आधी आमचा बाजार सांगावा लागेल.

आमची शाळा करंजाडेत आहे. मराठी माध्यम, पहिली ते चौथी. वरच्या मजल्यावर पाण्याच्या टाकीखाली जी लांबट खोली आहे ती माझी. दोन भिंतींना पुस्तकं आणि तिसऱ्या भिंतीला एक लांब टेबल. टेबलावर आणि टेबलाखालच्या खोक्यांत पुठ्ठे, बाटल्यांची झाकणं, रिकामी रिळं, आइस्क्रीमच्या काड्या, सुई काढलेल्या सिरिंजा, सलाइनच्या नळ्या, मोडक्या खेळण्यांतून काढलेल्या मोटरी, वायरी, बॅटऱ्या. पुस्तकात वाचायचं आणि टेबलावर करून बघायचं, अशी मूळ कल्पना. पोरं त्याला खटपट टेबल म्हणतात. ग्लू गन फक्त मी चालवते, बाकी सगळं त्यांच्या हातात.

पण टेबलावरची एकही वस्तू फुकट मिळत नाही. हा नियम मी घातला. काय बनवायचंय ते सांगायचं, काय हवं ते सांगायचं, मग मी भाव सांगणार. भाव गोष्टींत. एक पुस्तक वाचायचं, ते हातात धरून मला गोष्ट सांगायची, की एक गोष्ट जमा. आणि माझ्याशी घासाघीस करायची मुभा आहे. मुभा कसली, करावीच लागते.

"मॅडम, मोटर केवढ्याला?"

"तीन गोष्टींना."

"तीन? तिला तं चाक पन नाय."

"मग मोटर राहू दे. चाक घे."

"दोन गोष्टी आनि एक कविता."

"केवढी कविता?"

"आठ ओलींची."

"आठ ओळींत वायर येईल, मोटर नाही."

हा गावठाणातला मुलगा. त्याचे वडील बिल्डरला रेती-खडी पुरवतात, तेव्हा घासाघीस त्याला घरातूनच आलेली. असल्या पोराशी भाव करताना मला जो आनंद होतो तो खोटा नाही. पहिलीतली पोरंसुद्धा "जरा कमी करा ना" म्हणायला शिकली. जमा झालेल्या प्रत्येक गोष्टीमागे रंगीत कागदाची एक कडी. ज्याची त्याची साखळी खिडकीच्या गजाला टांगलेली. वारा आला की सगळ्या साखळ्या सळसळतात.

हा धंदा मी शाळेत शिकलेले नाही. लग्न होऊन जुईनगरला आले तेव्हा नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. मी पिशवीत गाऊन आणि परकर भरून बिल्डिंगी पालथ्या घातल्या. दार उघडणारी बाई पहिल्या वाक्याला "नको" म्हणते. त्या नकोपासून सुरुवात करून माल खपवायचा. त्यात मी एक गोष्ट शिकले, ती मोठ्या माणसांशी आजवर मोडली नाही. भाव सांगून झाला की गप्प बसायचं. जो आधी बोलतो तो खाली येतो. समोरची बाई कापड चाचपते, आतल्या खोलीकडे बघते, उसासा टाकते. आपण हूं की चूं करायचं नाही. अशी गप्प बसून मी दोन मुलं शिकवली आणि स्वतः ग्रंथालयाचा कोर्स केला. आज या टेबलावर जे आहे ते मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडून, सुतारांकडून, सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांकडून अशीच गप्प बसून मिळवलेलं आहे. पुस्तकंसुद्धा. एक दुकान बंद होत होतं, तिथली मुलांची पुस्तकं मी गठ्ठ्यांनी उचलली. दुकानदार शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही घेऊन जा, पण आता बोलू नका." तेव्हा तर मी बराच वेळ बोललेच नव्हते.

आणि एवढं करून शाळेत मी कोण? बाकीच्या शिक्षिका बाई. मुख्याध्यापिका मोठ्या बाई. मी आले तेव्हा पहिलीची पोरं मला मावशी म्हणायला लागली. शाळेत मावशी म्हणजे कोण ते सगळ्यांना माहीत आहे. जी घंटा देते, बाळांना शी-शूला नेते ती. त्या कामात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही, पण मी कोर्स केलेला आहे. पोरांना मी मॅडम म्हणायला लावलं. पोरं शिकली. मोठी माणसं शिकली नाहीत. कुठल्या वर्गावर कोणी नसलं की "लायब्ररीत पाठवा", कोणी त्रास दिला की "लायब्ररीत पाठवा". ज्या दिवशी सगळ्यांच्या कामाचा आढावा होता त्या दिवशी तिसरीच्या बाई म्हणाल्या, "वर वाचन किती होतं कोण जाणे. मला तर भंगार बाजार वाटतो." सगळ्या हसल्या. मोठ्या बाईपण हसल्या. मीही हसले, कारण तिथे रडले असते तर संपलंच असतं. पण ते भंगार मी विसरले नाही. त्या दिवसापासून वरच्या प्रत्येक साखळीकडे मी तिसरीच्या बाईंना द्यायचं उत्तर म्हणून बघत होते.

अशात जूनमध्ये ही मुलगी आली. प्रवेशाच्या दिवसांत मला ऑफिसात मदतीला बसवतात, म्हणून मी तिला पहिल्या दिवशीच बघितलं. सांगोल्याकडची माणसं. बाप इमारतींत फरशी बसवतो, आई एका टॉवरमध्ये जिने पुसते. आधी उलव्याला होते, त्याच्या आधी आणखी कुठे कुठे. काम जिथे तिथे बिऱ्हाड. बाप फॉर्मवर अंगठ्याएवढी सही करत म्हणाला, "हितं नीट शिकली तर ठिवतो. न्हायतर आज्जीकडं धाडतो. थोरली तितंच हाय, शेरडं राखाया." पोरगी खिडकीबाहेर बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढे जे झालं तेव्हा हे मला आठवलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. आठवायची मला गरज वाटली नाही, एवढंच.

तिला लिफ्ट बनवायची होती. आईबरोबर त्या टॉवरमध्ये जायची, आणि तिथल्या वॉचमनने कामवाल्यांच्या पोरांना लिफ्टमध्ये चढायची मनाई केलेली. म्हणून हिला स्वतःची लिफ्ट हवी. वर-खाली होणारी, दोन्ही बाजूंनी चालणारी. त्याला मोटर लागते, रिळं लागतात, दोरा, बटण, खोकं. मोठी ऑर्डर. मी भाव सांगितला. चांगला चढा सांगितला, कारण ती खाली आणणार हे मी धरून चालले होते. ती गप्प. माझ्याकडे बघेना, मोटरीकडे बघेना, टेबलाच्या कडेवरचा वाळलेला गोंद नखाने खरवडत उभी राहिली. मीही गप्प. बराच वेळ गेला. शेवटी मीच म्हणाले, "बरं, एक गोष्ट कमी." आयुष्यात क्वचित मी आधी बोलले असेन. मनात म्हटलं, ही पक्की आहे. ही माझ्या जातीची आहे.

तिची पहिली गोष्ट मी विसरणार नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक शिंपी आणि एक शेळी. तिने पुस्तक पोटाशी धरलं, एकेक पान सावकाश उलटलं आणि सांगायला लागली.

"शेळीचं लगीन ठरलंय. शिंपी माप घ्यायला आलाय. शेळी म्हनती, माजं माप घिऊ नगंस, मी आजून वाडनार हाय. शिंपी म्हनतो, वाडलीस तर वाडलीस, कापड तेवडंच हाय. मग शेळी म्हनती, कापड तेवडंच आसंल तर नवऱ्याचं आखूड कर."

पोरं टेबलावर हात आपटून हसली. मी हसले. गावठाणातला मुलगा म्हणाला, "मॅडम, हिला डबल द्या." मी म्हटलं, भावात बदल नाही, आणि एक कडी तिच्या साखळीत जास्त लावली.

मग दर तासाला ती यायची. एक गोष्ट सांगायची, एक वस्तू घेऊन जायची. कधी रीळ, कधी हातभर दोरा. भाव कधी केलाच नाही. मी सांगायची, ती गप्प राहायची, मी कमी करायची. तिची साखळी खिडकीपासून खाली लोंबू लागली, मग जमिनीला टेकली. कोणी पाहुणे आले की मी त्यांना त्या साखळीपाशी न्यायची. मोठ्या बाईंना मी सांगितलं, तिसरीतली सगळ्यात जास्त वाचणारी मुलगी ही. तिसरीच्या बाई तिथेच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, जळली.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी मी फाटलेली पुस्तकं चिकटवायला घेतली होती. दुपारची वेळ, पोरं गेलेली. शेळीच्या पुस्तकाचं मधलं पान सुटलं होतं. पान नेमकं कुठे बसतं ते कळायला मला आधीचं आणि नंतरचं वाचावं लागलं. वाचलं. त्यात लग्न नव्हतं. शेळीने शिंप्याच्या दुकानातलं कापड खाल्लेलं असतं आणि तो ते परत मागत तिच्यामागे फिरतो, अशी गोष्ट होती. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिने सांगितलेली बाकीची पुस्तकं काढली. कासव आणि टाकीचं. म्हातारीच्या छत्रीचं. एकाही पुस्तकात तिची गोष्ट नव्हती. चित्रं तीच होती. पानं उलटण्याच्या जागा बरोबर होत्या.

इथे मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. या पुस्तकांतलं मी स्वतः फार थोडं वाचलं होतं. गठ्ठ्याने आणली, नंबर घातले, कपाटात लावली. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगेन. आत काय आहे ते पोरं सांगायची तेव्हाच मला कळायचं. एखाद्याने वाटेल ते सांगितलं असतं तरी मी कडी लावली असती. तेव्हा हे माझ्या डोक्यात आलंही नाही. डोक्यात एवढंच आलं की मला फसवलं. इतकी वर्षं या व्यवहारात काढलेल्या बाईला आठ वर्षांच्या पोरीने खोटं नाणं दिलं.

सोमवारी तिसरीचा तास होता. ती आली, पुस्तक घेतलं, समोर उभी राहिली. तिला आता फक्त बटण हवं होतं. बटण मिळालं की लिफ्ट पुरी. मी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि दुसरं दिलं. त्यात चित्र नव्हतं, सगळी अक्षरं.

"हे वाच."

ती गप्प.

"मोठ्याने वाच. पहिली ओळ. सगळ्यांना ऐकू दे."

ती गप्प. मीही गप्प. मी माझ्या खुर्चीत मागे टेकून बसले, हाताची घडी घातली. ती पुस्तकाकडे बघत होती, मी तिच्याकडे. पोरांचं हातातलं काम थांबलं. कोणीतरी पाडलेली कात्री उचलायला कोणी वाकलं नाही. तिच्या ओठांचा रंग उतरला, मान खाली गेली, आणि मी बसून राहिले. मी जिंकत होते.

शेवटी तोच गावठाणातला मुलगा बोलला. हळू आवाजात. "मॅडम, तिला वाचता नाय येत. सगल्यांना म्हाईत हाय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"वर्गात. बाईंना पन. तुमालाच नव्हतं म्हाईत."

माझ्या कानात काय घुसलं असेल? एक पोर वाचू शकत नाही, हे नाही. बाईंना पण, हे घुसलं. तास संपायची वाटही मी बघितली नाही. पोरांना तसंच टाकून खाली मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. तिसरीच्या बाई तिथेच वेळापत्रक बघत होत्या. बरं झालं असं मला वाटलं. मी उभ्या उभ्या सांगितलं. तिसरीत आहे, अक्षर येत नाही, आणि वर्गशिक्षिकेला माहीत असून कोणाला सांगितलेलं नाही. मी पकडलं. माझ्या भंगार बाजारात पकडलं गेलं.

मोठ्या बाई तिसरीच्या बाईंकडे वळल्या. त्या बसल्याच होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मी रोज मधल्या सुट्टीत तिला घेऊन बसते. जूनमध्ये तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, आता साधे शब्द वाचते. आधीच्या शाळेत तिला पहिलीच्या पोरांत बसवलं होतं, म्हणून ती कोणाला कळू द्यायला तयार नव्हती. मी तिला दिवाळीपर्यंत कोणाला सांगणार नाही म्हटलं होतं. बापाला कळलं तर तो तिला गावाला पाठवणार."

मी म्हटलं, "मला तरी सांगायचं. मी काय परकी आहे?"

"सांगावं असं बऱ्याचदा मनात आलं. पण मॅडम, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याचाही भाव केला असता."

मोठ्या बाई खाली बघायला लागल्या. मी काहीतरी तिखट बोलले. काय ते लिहीत नाही. बोलताना मला स्वतःलाच कळत होतं की आवाज आहे, आत माल नाही.

आता मोठ्या बाईंच्या कानावर आलं होतं आणि त्यांना पालकांना बोलवणं भाग होतं. शाळेची तशी रीत आहे. दुसऱ्या दिवशी बाप कामावरूनच आला. केसांत, भुवयांत फरशी कापल्याची पांढरी धूळ. ऑफिसच्या दारात चप्पल काढून उभा राहिला. त्याला खुर्ची दिली तरी बसला नाही, खुर्ची खराब होईल म्हणाला. मोठ्या बाई त्याला समजावून सांगत होत्या, की घाबरायचं कारण नाही, मुलगी हुशार आहे. त्याने त्यातलं किती ऐकलं कोण जाणे. त्याने एकच विचारलं, "फसिवलं कुनाला?"

मोठ्या बाई फॉर्म चाळायला लागल्या. पण लायब्ररीचा विषय निघाला होता आणि मी कोपऱ्यात उभी होते, तेव्हा त्याला कळलं. तो पोरीला दंडाला धरून माझ्यासमोर घेऊन आला. मारलं वगैरे नाही. नरम आवाजात म्हणाला, "मॅडमच्या पाया पड. चुकलं म्हन."

आणि ती पडली. आमच्याकडे पोरांना हे शिकवावं लागत नाही, अंगात असतं. वाकली, दोन्ही हात माझ्या पायांना लावले, मग स्वतःच्या कपाळाला. नखांत वाळलेला गोंद होता. "चुकलं," म्हणाली. मला मागे सरता आलं असतं. तिला दंडाला धरून उठवता आलं असतं, नको गं म्हणता आलं असतं. दुसऱ्या कोणाच्याही पोराने सहज नमस्कार केला तरी मी असू दे, असू दे म्हणते. त्या दिवशी मी तशीच उभी राहिले. बाप हात जोडून म्हणाला, "तुमी वस्तू दिल्या तिला, तुमचं उपकार हायत. तिनं खाल्लं त्यात श्यान. आमी आडानी मानसं, पोरगीबी तशीच निघाली. माफी करा." माझ्या उभ्या आयुष्यात माझी इतकी लाज कोणी काढली नाही, आणि तो बिचारा मनापासून माफी मागत होता.

मी वर निघून आले. पाण्याच्या टाकीची मोटर चालू होती तिचा आवाज येत होता. खाली ऑफिसात पुढे काय झालं ते मला नंतर शिपाई मावशींकडून कळलं. बापाने सांगितलं की येत्या रविवारी एसटीने गावाला पोचवतो. तिसरीच्या बाई त्याच्याशी बोलत बसल्या, मग त्याच्याबरोबर चालत त्यांच्या खोलीवर गेल्या, आईशी बोलल्या, तिथे चहा प्यायल्या. परत आल्या तेव्हा ठरलं होतं की पोरगी वर्षभर इथेच राहील. त्यांनी काय सांगितलं, कसं पटवलं, मी विचारलं नाही. एवढं खरं की त्या बाईंनी बापाच्या नकोपासून सुरुवात केली होती आणि हो घेऊन आल्या.

सुट्टीनंतर तिसरीचा तास लागला. सगळी आली, ती नाही आली.

मी आधी ठरवलं, दोन दिवसांचं आहे. मग बटण, ते शेवटचं राहिलेलं बटण, तिच्या मैत्रिणीच्या हाती पाठवलं. मैत्रीण तसंच परत घेऊन आली. "ती नको म्हनली."

"अगं, काही द्यायचं नाही त्याचं. सांग तिला, मॅडमनी दिलंय."

"सांगितलं. म्हनली, फुकट नको."

मी मोठी खोकी उघडून दारात ठेवली. मग गोष्टींचा भावच बंद केला, ज्याला जे हवं ते घ्या म्हटलं. आठवडाभर पोरांनी घेतलं. मग टेबलावर निम्म्या वस्तू पडून राहू लागल्या आणि गावठाणातला मुलगा तोंड वाकडं करून म्हणाला, "मॅडम, तुमी भाव नाय करत, तं घ्यायला मजा नाय येत." तेव्हा पुन्हा भाव सुरू केला, पण आता गोष्टींत नाही. काय बनवणार, कसं बनवणार, काय बिघडू शकतं, हे पटवून द्यायचं. गोष्ट ज्याला सांगायची असेल त्याने सांगावी, तिला कडी नाही. साखळ्या मी काढून ठेवल्या. एकाही पोराने का म्हणून विचारलं नाही. ती सगळं जाणून असतात.

दुपारी पोरं गेली की मी आता एकेक पुस्तक वाचते. रोज थोडं. बहुतेक पुस्तकं चांगली आहेत. शेळीचं मात्र मला तितकं आवडलं नाही. तिचं लग्नच चांगलं होतं.

माझा राग गेला आहे असं कोणी समजू नये. तिसरीच्या बाईंनी मला सांगायला हवं होतं, हे मी अजून म्हणते. विश्वास न ठेवता माणूस कसा आहे ते कळत नाही. त्या भंगार म्हणाल्या होत्या, ते त्यांनी मागे घेतलेलं नाही. हे सगळं मी मनात त्यांना ऐकवते, चांगल्या शब्दांत ऐकवते, आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच उत्तर येतं. त्याचाही भाव केला असता. केला असता का? मी केलाच. त्या पोरीचं जे काही लपवलेलं होतं ते घेऊन मी धावत खाली गेले, आणि त्याच्या बदल्यात मला एका बाईंना मान खाली घालायला लावायची होती. माल माझा नव्हताच.

दसऱ्याच्या सुमाराला मी त्यांना जिन्यात गाठलं. त्या तिला मधल्या सुट्टीत अजून घेऊन बसतात, हे मला माहीत होतं. येता-जाता मी त्या दारातून बघायचीही. म्हटलं, "बाई, ती कुठवर आली?"

"जोडाक्षरं चालू आहेत."

"माझ्याकडे मोठ्या अक्षरांची पुस्तकं आहेत. आणून देऊ?"

"द्या. माझ्या टेबलावर ठेवा."

"ती वर यावी म्हणून मी काय करू?"

 मला वाटलं, आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "एक करा. मधल्या सुट्टीत तुम्ही वर्गात डोकावता ना, ते नका करू. तुम्ही दिसलात की ती वाचायची थांबते. मग त्या दिवशी पुढे वाचतच नाही."

मी बरं म्हटलं. 

ऑफिसातून वर येण्याचा जवळचा जिना तिसरीच्या वर्गासमोरून जातो. दुसरा जिना मैदानाच्या टोकाला आहे, संडासाच्या बाजूने. हल्ली मधल्या सुट्टीत मला वर जायचं असलं की मी मैदानातून फिरून जाते. पावसात छत्री घेऊन जाते. शिपाई मावशींनी एकदा विचारलं, "मॅडम, एवढा वळसा कशाला?" मी म्हटलं, पाय मोकळे होतात.

त्या टोकाच्या जिन्यावर, मधल्या पायऱ्यांवर, तिसरीच्याच वर्गाची मागची खिडकी जवळ येते. खिडकीला खालून पुठ्ठा लावलेला आहे, आतलं दिसत नाही आणि बाहेरचंही आत दिसत नाही. परवा तिथे तिचा आवाज ऐकू आला. अडखळत, एका शब्दावर दोनदा येऊन, पण पुढे जात होता. एक वाक्य पुरं झालं. मग दुसरं सुरू झालं. ऐकायला थांबावं असं फार वाटलं. पण माझ्या चपलांचा आवाज होतो, म्हणून मी त्या काढल्या, हातात घेतल्या आणि वर निघून गेले.